मतदार कां फिरतो?

मतमोजणीच्या दिवशीं संध्याकाळीं कोणत्याही गांवच्या ओट्यावर, वाचनालयांत किंवा चहाच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकूं येतें : “यंदा मतदार फिरला.” हरलेला पक्ष तें सुस्कारा टाकून म्हणतो, जिंकलेला मिशीला पीळ देऊन म्हणतो. परंतु हें वाक्य उच्चारणाऱ्यांपैकीं फार थोडे जण पुढचा प्रश्न विचारतात. फिरला, म्हणजे नेमकें काय झालें? मागल्या खेपेस ज्या माणसानें एका चिन्हासमोरचें बटण दाबलें, त्यानेंच या खेपेस दुसऱ्या चिन्हासमोरचें दाबलें काय? कीं मागल्या खेपेस आलेला माणूस या वेळीं घरीं बसला आणि घरीं बसलेला बाहेर पडला? कीं माणसें होतीं तेथेंच राहिलीं आणि पक्षच आपल्या जागेवरून हलले? या गोष्टी वरवर पाहतां सारख्या दिसतात, आणि निकालही त्या सर्वांचा एकच लागूं शकतो. पण त्यांचा अर्थ एक नव्हे. आणि ज्याला हा भेद उमगत नाहीं, त्याला निकालाचाही अर्थ उमगत नाहीं.

हा भेद पाहण्यास छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, यासारखें स्थळ शोधून सांपडावयाचें नाहीं. शहराचें नांव बदललें तरी लोकसभेच्या मतदारसंघाचें नांव २०२४ च्या निवडणुकींतही औरंगाबाद असेंच होतें. त्या मतदारसंघाचा इतिहास मोठा बोलका आहे. १९५२ पासून १९७१ पर्यंतच्या पांचही सार्वत्रिक निवडणुकांत येथें काँग्रेस निवडून आली. १९५७ सालीं तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ हेच येथील खासदार झाले. १९७७ सालीं जनता पक्षाचे बापू काळदाते आले. १९८० मध्यें इंदिरा काँग्रेसचे काझी सलीम, जे उर्दूंतील नामवंत कवि होते, ते आले. १९८४ सालीं सबंध महाराष्ट्रांत ४८ पैकीं ४३ जागा काँग्रेसनें जिंकल्या असतां या मतदारसंघानें समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगांवकर यांना दिल्लीस पाठविलें. १९८९ मध्यें शिवसेनेचे मोरेश्वर सावे विजयी झाले, आणि तेव्हांपासून १९९८ चा एक अपवाद सोडला तर तीस वर्षें ही जागा शिवसेनेकडे राहिली. चंद्रकांत खैरे १९९९ पासून ओळीनें चारदां निवडून आले. २०१९ मध्यें मजलिसचे इम्तियाज जलील, आणि २०२४ मध्यें एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे.

एवढी उलथापालथ पाहून एखादा परका मनुष्य म्हणेल कीं, येथील मतदार म्हणजे वाऱ्यावरचें पान! परंतु या प्रत्येक निकालाचा पदर उलगडून पाहिला, तर असें दिसतें कीं पान फारसें उडालेलेंच नाहीं. बहुतेक वेळां हललें आहे तें झाड.

पहिलें कारण निव्वळ अंकगणिताचें आहे. समजा, एका गांवांत शंभर मतें आहेत. एका पक्षाला चाळीस, दुसऱ्याला पस्तीस आणि तिसऱ्याला पंचवीस मिळालीं. चाळीसवाला निवडून आला. पांच वर्षांनीं दुसऱ्यानें व तिसऱ्यानें हातमिळवणी केली. त्यांचीं साठ झालीं आणि चाळीसवाला पडला. शंभरांतील एकाही माणसाचें मन बदललें नाहीं, आणि तरी निकाल उलटा लागला! ज्या पद्धतींत सर्वांत अधिक मतें मिळविणारा एकच उमेदवार विजयी होतो, मग तीं मतें निम्म्यांहून कमी कां असेनात, त्या पद्धतींत मोळी बांधणें आणि मोळी सोडणें यांना मनःपरिवर्तनाहून अधिक किंमत येते.

१९९८ आणि १९९९ या दोन निवडणुका याचें उत्तम उदाहरण आहेत. १९९८ च्या आरंभीं काँग्रेस, रिपब्लिकन पक्षाचे गट व समाजवादी पक्ष यांनीं महाराष्ट्रांत एकजूट केली. राज्यांतील ४८ पैकीं ३३ जागा काँग्रेसला व ४ रिपब्लिकनांना मिळाल्या, आणि औरंगाबादेंत काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आले. पुढील वर्षीं शरद पवार यांनीं राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला. मोळी सुटली. १९९९ च्या शरद ऋतूंत काँग्रेस १० वर आली, राष्ट्रवादीला ६ मिळाल्या, शिवसेना व भारतीय जनता पक्ष मिळून २८ वर गेले, आणि औरंगाबादची जागा शिवसेनेकडे परतली. दोन वर्षें भरण्याच्या आंत मतदार दोनदां फिरला, असें ज्यांस म्हणावयाचें असेल त्यांनीं खुशाल म्हणावें. एकदां बांधलेली मोळी एकदां सुटली, हें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल.

२०१९ चा निकाल तर याहून बोलका. त्याच्या मागल्या, म्हणजे २०१४ च्या निवडणुकींत खैरे सुमारें एक लाख बासष्ट हजारांनीं विजयी झाले होते. २०१९ मध्यें मजलिस व प्रकाश आंबेडकर यांची वंचित बहुजन आघाडी एकत्र आली. दुसऱ्या बाजूस हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले. ते कन्नडमधून एकदां महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या व एकदां शिवसेनेच्या तिकिटावर आमदार झालेले. मतें मोजलीं तेव्हां जलील यांना ३,८९,०४२, खैरे यांना ३,८४,५५० आणि जाधव यांना २,८३,७९८ पडलेलीं आढळलीं. अंतर अवघें ४,४९२ मतांचें! म्हणजे एका बाजूस एक मोळी बांधली गेली आणि दुसऱ्या बाजूची सुटली. विजयी उमेदवाराला पडलेलीं मतें एकंदर मतांच्या सुमारें एकतृतीयांश होतीं. तरीही त्या रात्रीं कोणी म्हणालें, “शहराचा रंग बदलला”, कोणी म्हणालें, “शहर हातचें गेलें.” दोघांनींही मतें मोजलीं होतीं, पण वाचलीं नव्हतीं.

दुसरें कारण असें कीं, मतदारांची यादी हीच मुळीं स्थिर नसते. पैठणच्या घाटावरून गोदावरी पाहणाऱ्याला नदी रोज तीच दिसते. परंतु कालचें पाणी केव्हांच पुढें गेलेलें असतें. मतदारसंघाचेंही तसेंच आहे. दर निवडणुकीस जुने मतदार काळाच्या पडद्याआड जातात, तरुण प्रथमच रांगेंत उभे राहतात, आणि पोटासाठीं परगांवाहून आलेले नवे रहिवासी यादींत आपलें नांव घालतात.

१९८० सालीं काझी सलीम यांना निवडणारा मतदारसंघ १९८९ सालीं शिवसेनेकडे कसा गेला, हा प्रश्न पुष्कळांना कोड्यांत टाकतो. त्याचें पहिलें उत्तर हें कीं, तो मतदारसंघ तोच राहिला नव्हता. चिकलठाणा व वाळूज येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि बीड, जालना, परभणीकडचीं तरुण मुलें कामाच्या शोधांत शहराकडे लोटत होतीं. १९९१ मध्यें शहराची लोकसंख्या सुमारें ५ लाख ७३ हजार होती. २०११ मध्यें ती सुमारें ११ लाख ७५ हजार झाली, म्हणजे वीस वर्षांत दुपटीहून अधिक. त्यांतच घटनादुरुस्तीनें मताधिकाराचें वय २१ वरून १८ वर आलें, आणि १९८९ ची लोकसभा निवडणूक ही त्या नियमाखालीं झालेली पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होती.

या तरुणाची स्थिति ध्यानांत घ्यावी. काँग्रेसचें बळ गांवचा पाटील, सहकारी सोसायटी, पंचायत समिति व साखर कारखाना यांच्या साखळींत होतें. कर्ज हवें, बियाणें हवें, मुलाला वसतिगृहांत जागा हवी, तर त्या साखळीची एखादी कडी हलवावी लागे. पण शहरांत एका खोलींत चौघांनीं राहणाऱ्या मुलाला त्या साखळीचा उपयोग काय? त्याला गल्लींत नळ हवा होता, शिधापत्रिका हवी होती, अडल्या वेळीं पोलीस चौकीवर बरोबर येणारें कोणी तरी हवें होतें. तें काम शिवसेनेच्या शाखेनें केलें. महानगरपालिकेच्या १९८८ सालच्या पहिल्याच निवडणुकींत ती सर्वांत मोठा पक्ष ठरली, तिचें हें एक कारण. दुसरें कारणही आहे, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं : धार्मिक अस्मितेचें उघड आवाहन आणि त्या काळच्या दंग्यांनीं शेजाऱ्याशेजाऱ्यांत पाडलेलें अंतर. भीति ही देखील मत देते. पण नुसत्या भीतीवर तीस वर्षें जागा टिकत नाहीं. तीस वर्षें टिकते ती शाखेंतल्या बाकावर बसून ऐकून घेतलेल्या तक्रारींवर.

तिसरें कारण सर्वांत विलक्षण आहे. यांत मतदार जागचा हलत नाहीं. पक्षच घर सोडून जातो. जून २०२२ मध्यें शिवसेना दुभंगली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं निवडणूक आयोगानें पक्षाचें नांव व धनुष्यबाण हें चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटास दिलें. २०२४ मध्यें औरंगाबादच्या मतदारापुढें काय प्रसंग आला तो पाहावा. ज्या चंद्रकांत खैरे यांना त्यानें वीस वर्षें धनुष्यबाणावर मत दिलें, ते आतां मशाल घेऊन उभे. आणि धनुष्यबाण ज्यांच्या हातीं होता, ते संदिपान भुमरे हेही त्याच शिवसेनेंत वाढलेले, पैठणचे अनेक वर्षांचे आमदार. निष्ठावान मनुष्यानें निष्ठा कोठें वाहावी? माणसाला कीं चिन्हाला? या पेचांत पडलेल्या मतदारानें कोणतेंही बटण दाबलें असतें, तरी त्याच्यावर ‘फिरला’ असा आरोप करणें अन्यायाचें ठरलें असतें.

निकाल असा लागला : भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. दोन्ही शिवसेनांचीं मतें एकत्र केलीं तर तीं साडेसात लाखांच्या वर जातात. उलट वंचित आघाडीनें या वेळीं आपला उमेदवार स्वतंत्र उभा केल्यामुळें जलील यांचीं मतें सुमारें साडेसत्तेचाळीस हजारांनीं घटलीं. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं बांधलेली मोळी सुटली, आणि दुसऱ्या बाजूचें घर फुटूनही त्यांतला एकच वाटा विजयाला पुरेसा झाला. मराठवाड्यांतील आठ जागांपैकीं सात त्या वेळीं महाविकास आघाडीकडे गेल्या. औरंगाबाद तेवढें उलट गेलें, जसें तें १९८४ सालीं गेलें होतें.

पक्ष घर सोडून जातो, हा प्रकार केवळ इकडचा नव्हे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया हें कोळशाच्या खाणींचें व खाणकामगारांच्या संघटनांचें राज्य. तेथें डेमॉक्रॅटिक पक्षाचें प्राबल्य कित्येक पिढ्यांचें. राज्याच्या प्रतिनिधिगृहांत त्या पक्षाचें बहुमत ऐंशींहून अधिक वर्षें टिकलें, तें २०१४ मध्यें गेलें. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत मात्र २००० सालापासूनच तें राज्य रिपब्लिकन पक्षाकडे वळलें होतें. कोळशाचा धंदा आटला, संघटना दुबळ्या झाल्या, आणि पक्षाच्या व्यासपीठावर हवा शुद्ध ठेवण्याची भाषा ऐकूं येऊं लागली. ती भाषा योग्यही असेल. परंतु ज्याची चूलच कोळशाच्या मजुरीवर पेटते, त्याला वाटलें कीं पक्ष आपल्या दारावरून पुढें निघून गेला. तेथील वृद्ध खाणकामगाराला विचारलें तर तो पक्ष बदलल्याचें कबूल करणार नाहीं. पक्षच बदलला, असें म्हणेल.

आतां राहिलें चौथें कारण, आणि खऱ्या अर्थानें मतदार फिरणें तें हेंच. मनुष्य विचार करतो, जुन्या पक्षाशीं काडीमोड घेतो, आणि डोळसपणें दुसऱ्याला मत देतो. असें होतें, पण सहजासहजीं होत नाहीं. घरांतल्या भिंतीवर ज्या पुढाऱ्याची तसबीर वडिलांनीं लावली, ती उतरविण्यास हात लवकर धजत नाहीं. बहुतेक माणसें प्रथम कुरकुरतात. मग एका निवडणुकीस मतदानालाच जात नाहींत. आणि तरीही पक्षाला जाग आली नाहीं, तरच पुढल्या खेपेस दुसरीकडे वळतात. मतदानाचे आंकडे पाहतांना घरीं बसलेल्यांचाही आंकडा पाहावा, असें जाणते लोक म्हणतात तें याचसाठीं. पुढल्या वादळाची पहिली झुळूक तेथें लागते.

१९७७ हें असें वर्ष होतें. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली; वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, पुढारी तुरुंगांत गेले, सक्तीच्या शस्त्रक्रियांची धास्ती खेड्यापाड्यांत पसरली. पांच निवडणुका काँग्रेसला देणाऱ्या औरंगाबादनें तिला नाकारलें, आणि महाराष्ट्रांत काँग्रेस ४८ पैकीं २० वर उतरली. पण ज्यांच्या हातीं सत्ता दिली ते आपसांत भांडूं लागतांच १९८० मध्यें त्याच मतदारानें त्यांनाही घरीं बसविलें. ब्रिटनमध्यें १९४५ सालीं जर्मनीवर विजय मिळवून देणाऱ्या चर्चिलसाहेबांना तेथील जनतेनें अवघ्या दोनअडीच महिन्यांत सत्तेवरून उतरविलें, आणि मजूर पक्षास ३९३ जागा दिल्या. ती कृतघ्नता नव्हती. युद्ध जिंकण्यास कोण योग्य आणि घरें बांधण्यास व रोजगार देण्यास कोण योग्य, हे दोन प्रश्न त्या जनतेनें वेगळे केले, एवढेंच.

असाच विवेक मराठवाड्यानें २०२४ मध्यें दाखविला. मे महिन्यांत सोयाबीन व कापूस यांचे पडलेले भाव, कांद्यावरील निर्यातबंदीचा राग, अंतरवाली सराटी येथील लाठीमारानंतर पेटलेला मराठा आरक्षणाचा प्रश्न आणि राज्यघटनेविषयीं दलित वस्त्यांतून व्यक्त झालेली काळजी, हीं सारीं एकाच वेळीं पारड्यांत पडलीं. महाविकास आघाडीला राज्यांत ३० व महायुतीला १७ जागा मिळाल्या. नोव्हेंबरांत विधानसभेच्या निवडणुकींत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनीं २८८ पैकीं २३० जागा घेतल्या. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील नऊच्या नऊ जागा महायुतीकडे गेल्या. मात्र त्यांपैकीं औरंगाबाद पूर्वची जागा अवघ्या २,१६१ मतांनीं आली. सहा महिन्यांत हें घडलें कसें?

एक उत्तर सर्वांच्या जिभेवर आहे : लाडकी बहीण. ऑगस्ट २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये येऊं लागले, आणि “बायकांनीं मतें विकलीं” असें कित्येक शहाणे दिवाणखान्यांत बसून म्हणाले. हें म्हणणें उथळ आहे. विरोधी आघाडीनें तर ३००० रुपयांचें वचन दिलें होतें. मत जर विकाऊ असतें तर अधिक बोलीकडे गेलें असतें. पण वचन हें वचन, आणि हातांत पडलेला पैसा हा पैसा. ज्या स्त्रीला गॅसच्या टाकीसाठीं नवऱ्यापुढें हात पसरावा लागे, तिनें अनुभवाला मान दिला. ती तिची व्यवहारबुद्धि होय. श्रीमंताला कराची सूट मिळाली म्हणून त्यानें मत दिलें तर त्याला अर्थशास्त्र म्हणावयाचें, आणि मोलकरणीनें दीड हजारांसाठीं दिलें तर विक्री म्हणावयाची, हा कोठला न्याय?

शिवाय येथेंही जुनें गणित आहेच. मे मध्यें दोन्ही बाजूंच्या मतांचा वाटा जवळजवळ सारखा, प्रत्येकीं सुमारें ४४ टक्के होता. नोव्हेंबरांत महायुति सुमारें ५० वर गेली व आघाडी सुमारें ३५ वर आली. मतदान ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर चढलें, म्हणजे घरीं बसलेलेही पुष्कळ बाहेर पडले. शंभरांतील सातआठ माणसें हललीं कीं शंभरांतील ऐंशीं जागा एकीकडे जातात, हा या पद्धतीचा महिमा आहे. मग उरलेले नव्वद हलले होते असें मानावयाचें काय?

आणि ज्यांना अजूनही मराठवाड्याचा मतदार मेंढरासारखा वाटतो, त्यांनीं नांदेडकडे पाहावें. खासदार वसंत चव्हाण यांच्या निधनामुळें तेथें लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशीं, २० नोव्हेंबर २०२४ रोजीं झाली. त्याच केंद्रांत, त्याच रांगेंत उभें राहून त्याच माणसांनीं दोन मतें दिलीं. त्या लोकसभा मतदारसंघांतील विधानसभेच्या सहाही जागा महायुतीनें जिंकल्या. आणि लोकसभेची जागा काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनीं १,४५७ मतांनीं जिंकली. एका हातानें एकाला व दुसऱ्या हातानें दुसऱ्याला मत देणारे हजारो लोक त्या रांगेंत होते. राज्य कोणीं चालवावें व दिल्लींत कोणीं बोलावें, याचा निवाडा त्यांनीं निरनिराळा केला. ज्याला मेंढरू म्हणतात, तें असा निवाडा करीत नाहीं.

या सर्व चर्चेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. ४,४९२ मतांनीं आलेला विजय ज्याला साऱ्या शहराचा कौल वाटतो, तो उरलेल्या दोनतृतीयांश लोकांशीं बोलणें सोडून देतो. आणि त्याच विजयाकडे जो एका समाजानें दुसऱ्यावर केलेली मात म्हणून पाहतो, तो सकाळीं शेजाऱ्याच्या दुकानांतून साखर आणावयास कचरतो. ज्या शहरानें दंगे पाहिले आहेत, ज्याच्या नामांतराचा वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला, त्या शहरांत निकालाचें चुकीचें वाचन ही केवळ बौद्धिक चूक राहत नाहीं; तिची किंमत गल्लीबोळांना मोजावी लागते. उलट, ‘मतदार फिरला’ या एका वाक्याच्या जागीं कोणती मोळी सुटली, कोण नवें आलें, कोण घरीं बसलें, पक्ष कोठें सरकला आणि खरोखर मन कोणाचें बदललें, हे प्रश्न ज्या गांवचे सुशिक्षित लोक विचारूं लागतात, तेथील पुढाऱ्यांनाही उत्तरें द्यावीं लागतात.

मतपत्रिका गुप्त असते, ती यासाठींच कीं मतदाराला आपलें कारण कोणापुढें मांडावें लागूं नये. तो कारण सांगत नाहीं म्हणून त्याला कारणच नव्हतें, असें मात्र कोणीं समजूं नये.